व्हार्निश कधीच नको

रविवार, रात्री

दुपारी फळीवर रंगाची पहिली पट्टी ओढली आणि ब्रश मध्येच अडला. परवा खडूची पूड आणि सरस कालवून फळीला चार हात दिले होते, घासून गुळगुळीत केली होती. त्या अस्तरानं रंगातलं जवसाचं तेल बघता बघता पिऊन टाकलं. ओला, चकचकीत निळा पाटीवरच्या खडूसारखा कोरडा दिसायला लागला. हेच मला पाहायचं होतं.

कारण फ्रान्सिस कॅडेल. स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा चित्रकार, जन्म १८८३ चा. सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेला. पेप्लो, फर्ग्युसन, हंटर आणि हा, या चौघांना स्कॉटिश कलरिस्ट म्हणतात. आपल्या कितीतरी चित्रांच्या पाठीवर त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की अस्तर शोषणारं आहे, व्हार्निश कधीही लावू नका. चित्र विकलं गेलं, परक्या घरी गेलं, तरी त्याची काळजी सुटत नाही. ही गोष्ट वाचली तेव्हापासून माझा जीव या माणसावर जडलाय.

युद्धाआधीचा त्याचा ब्रश मोकळा, सैल. पहिल्या महायुद्धात लढून परतल्यावर मात्र सपाट रंग आणि रेखीव कडा. एडिंबरातल्या एन्स्ली प्लेसमधल्या त्याच्या घरातली चित्रं बघावीत. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयातलं 'द ऑरेंज ब्लाइंड' तर बघतच राहावं. खिडकीचा नारिंगी पडदा, काळ्या हॅटमधली बाई, आणि नारिंगीत कुठे छटा म्हणून नाही. एवढा मोठा सपाट रंग चकाकला असता तर त्यात आधी दिवाच दिसला असता.

१९१२ मध्ये तो पहिल्यांदा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयोना बेटावर गेला आणि मग युद्धाची वर्षं सोडली तर उन्हाळ्यात तिकडेच. १९२० पासून पेप्लोही सोबत. पांढरी वाळू, हिरवा-निळा समुद्र, पलीकडे मल बेटाचे डोंगर. मंदीत चित्रं खपेनात, पैशांची ओढाताण झाली. १९३७ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी गेला. फार लवकर.

गेल्या वर्षी मी माझ्या एका समुद्राच्या चित्राला हौसेनं व्हार्निश लावलं होतं. आता त्यातल्या वाळूवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ तेवढी दिसते.

आजची फळी भिंतीला टेकवून ठेवलीय. मागे हात घालून पेन्सिलीनं तारीख टाकली, आणि तिच्याखाली त्याची सूचना.