वुमेरा आणि आजीची गोफण

तरफ म्हटलं की आपल्या शाळेच्या पुस्तकातलीच चित्रं अजून डोळ्यांपुढे येतात. पहार, अडकित्ता, चिमटा. ॲडलेडला विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा सातवीच्या अभ्यासक्रमात याच धड्यापाशी मला वुमेरा भेटला.

वुमेरा म्हणजे भाला फेकायचं साधन. शब्द मूळचा सिडनी परिसरातल्या धरुग भाषेतला, पण साधनाचे प्रकार आणि नावं इथल्या आदिवासी समाजांत अनेक आहेत. लाकडाची लांबट पट्टी, तिच्या एका टोकाला छोटी खुंटी. भाल्याचं बूड त्या खुंटीला टेकवायचं, पट्टीचं दुसरं टोक मुठीत धरायचं आणि हात फिरवायचा. हात फिरतो नेहमीइतकाच, पण तेवढ्याच वेळात खुंटी कितीतरी मोठा कंस कापते. म्हणजे भाल्याला वेग जास्त. आणि वेग दुप्पट झाला तर भाल्याची गतिज ऊर्जा चौपट.

मुलं अडतात ती पुढे. वुमेरा ही चिमट्यासारखी तिसऱ्या प्रकारची तरफ, म्हणजे बल टेकू आणि भाराच्या मध्ये लागतं, त्यामुळे तिला बल उलट जास्तच लावावं लागतं. "मिस, मग यंत्राचा उपयोग काय?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो फार आवडतो, कारण यंत्र म्हणजे श्रम कमी, हे आपणही लहानपणी असंच घोकलेलं असतं. उत्तर फळ्यावर देत नाही. सगळ्यांना मैदानावर नेते. इथे कुत्र्यांना चेंडू फेकायला प्लास्टिकचा लांब दांडा मिळतो, वुमेराचंच तत्त्व. एकदा टेनिसचा चेंडू नुसत्या हाताने फेकायचा, एकदा दांड्याने, आणि टेपने मोजायचं. गेल्या खेपेला एक बारकीशी मुलगी दांड्याने फेकून झाल्यावर खांदा चोळत म्हणाली, "चेंडू तेवढाच आहे, पण जड लागतो." तिच्या खांद्याला जे कळलं, तोच तर धडा होता!

वाळवंटी भागातला वुमेरा तर पाहत राहावा असा. मल्गा या बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या लाकडाचा, पानासारखा रुंद आणि खोलगट. खुंटी कांगारूच्या कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्टीच्या, दोरीने आवळलेली. मुठीच्या टोकाला स्पिनिफेक्स गवताच्या राळेत धारदार दगड बसवलेला, लाकूड तासायला. खोलगट भागात गेरू कालवायचा. त्याचीच कड वाळक्या लाकडावर करवतीसारखी घासून विस्तव पेटवायचा, म्हणजे घर्षणाचा धडाही त्यातच. सगळा संसार खांद्यावर घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या माणसांनी एका वस्तूत किती कामं बसवली होती!

बूमरँग मुलांना आधीपासून माहीत असतं, फक्त सगळीच बूमरँग परत येत नाहीत हे सांगावं लागतं. आमच्याच दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात वायरी दलदलीत सापडलेली बूमरँग सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची आहेत. मग मी ५० डॉलरची नोट काढते. तिच्यावरचे डेव्हिड युनायपन इथलेच, नारिंजेरी समाजाचे. मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रातली त्यांची सुधारणा १९०९ ची. १९१४ साली त्यांनी बूमरँगच्या तत्त्वावर वर उडणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती. हे ऐकून वर्ग गप्प होतो.

खरा वुमेरा मात्र मी वर्गात फिरवत नाही. काही समाजांत काही वस्तू फक्त पुरुषांनी, काही फक्त बायकांनी हाताळायच्या असतात, म्हणून आधी इथल्या जाणत्यांना विचारायचं. यंदा कौर्ना समाजातले एक आजोबा स्वतः आले. मुलं त्यांना अंकल म्हणतात, आपण काका म्हणतो तशाच आदराने.

त्यांनी फेकून दाखवलं आणि मला आजी आठवली. बार्शीकडची आमची मालदांडी ज्वारी, हुरड्यात आली की आजी माळ्यावर बसून राखण करायची. गोफणीत खडा, डोक्यावरून दोन गरके, एक दोरी सोडली की पाखरांचा थवा पार बांधापलीकडे. गोफणही हाताची लांबीच वाढवते, पण आमच्या शाळेत कुणी ती वर्गात आणली नाही, आणि मलाही आजवर सुचलं नव्हतं.

अंकलना मोबाईलवर गोफणीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "दोरी कधी सोडायची, हे कोण शिकवतं?"

"आजी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. आईला फोन करून सांगितलंय, माळ्याच्या खुंटीवरची गोफण जपून ठेव, मेमध्ये न्यायला येते.