अथणीला जेवायला जाताय? हद्दीवर थांबू नका

1298 रुपये. दोन माणसं, एक वेळचं जेवण, त्यात पनीर नाही, मटण नाही. मसूर आणि वांगं. ते बिल मी अजून पर्समध्ये ठेवलंय आणि दिवसातून दोनदा काढून बघते. हे म्हणतात, "सोड की आता." सोडणार नाही. कंबर शेकत शेकत लिहितेय, त्यामुळं भाषा जरा तिखट होईल, असूदे.

आम्ही दोघं एक रविवार सोडून एक रविवार बाहेर जेवतो, हा लग्नापासूनचा नेम. सांगली-मिरजेत आता मन रमत नाही. विश्रामबागेकडं नवनवी हॉटेलं निघालीत, सगळीकडं एकच ग्रेव्ही तीन रंगांत येते आणि वर चीज किसून देतात. अशात दिराच्या मुलानं एक रील पाठवलं: हद्दीच्या पलीकडं 120 रुपयांत अनलिमिटेड उत्तर कर्नाटकी थाळी. कडक ज्वारीची रोट्टी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, शेंगा चटणी, लोण्याचा गोळा. माझं आजोळ जत तालुक्यातलं. आजी घरात कानडीच बोलायची, भाकरी वाळवून डब्यात ठेवायची. रील बघून तोंडाला पाणी सुटलं आणि अक्कल गहाण पडली.

शनिवारी साडेअकराला निघालो. जायचं बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला, मुक्काम तिथंच, रविवारी परत. सांगलीपासून जेमतेम 60-65 किलोमीटर. मिरज, म्हैसाळ, मग हद्द, मग कागवाड. टू-व्हीलरवर एवढं अंतर बसवत नसेल तर पुढचं वाचू नका, एसटीनं जा. हेल्मेट दोघांनाही, आणि मागं बसणारीनं कमरेचा पट्टा बांधलेला बरा. मी बांधला नव्हता.

हद्द ओलांडली की रस्त्याकडेला मोठमोठे ढाबे. रीलवाला सापडला. मराठी, कानडी, इंग्रजी अशा तिन्ही लिपींत फलक, बाहेर बैलगाडीचं चाक टांगलेलं, सेल्फीसाठी बांबूचा झोपाळा. झोपाळा दिसला तेव्हाच गाडी वळवायला हवी होती.

"थाळी?" ह्यांनी विचारलं.

"थाळी शनिवार-रविवार न्हाई ओ मालक. स्पेशल मागवा की."

मेन्यूकार्डावर 'उत्तर कर्नाटक स्पेशल' असं एक पान होतं आणि त्या पानावर एकाही पदार्थापुढं भाव नव्हता. माझी पहिली चूक हीच. भाव न विचारता वांगं सांगितलं, आणि ह्यांनी हाफ अख्खा मसूर. अख्खा मसूर म्हणजे आपल्या पेठनाक्याकडच्या ढाब्यांचा पदार्थ, तो खायला राज्य ओलांडायची गरज नव्हती, पण ह्यांना नवीन ठिकाणी जुनंच खायचं असतं.

वेटर ऑर्डर घेऊन गेला. गल्ल्यावरचा माणूस आमच्याकडं बघून त्याला म्हणाला, "सांगली मंदी अदार, फुल्ल हाकु." सांगलीची माणसं आहेत, फुल लाव. त्याला वाटलं, ह्यांना काय कळतंय. मी ऐकलं आणि गप्प बसले. भूक लागली होती आणि म्हणलं, बघू तरी किती लावतोय.

वांगं आलं ते तळून लाल ग्रेव्हीत सोडलेलं, वर क्रीमची नक्षी. एण्णेगायीत क्रीम! कोवळी छोटी वांगी, शेंगदाण्याचं, तिळाचं आणि कारळ्याचं कूट भरून, तेलात सावकाश शिजवलेली. नावातच एण्णे आहे, म्हणजे तेल. आमच्या कृष्णाकाठच्या वांग्याच्या भरताला नावं ठेवली तरी चालतील, पण असं करू नका. रोट्टी मागितली तर म्हणाला, ज्वारीची संपली, तंदूर आहे. मसाला पापड न मागता टेबलावर आला, मोफत असल्यासारखा.

बिल असं: मसूर फुल 320, वांगं 280, सहा तंदूर रोट्या 240, जिरा राइस 180, न मागितलेला पापड 80, पाण्याच्या दोन बाटल्या 80. झाले 1180. त्यावर 59 रुपये जीएसटी आणि आणखी 59 रुपये 'सर्व्हिस'. एकूण 1298.

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करते, दिवसभर बिलंच बघते. या बिलावर जीएसटी नंबर नव्हता. नंबर नसेल तर कर मागायचा हक्कच नाही. आणि हॉटेल कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तर कर मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, बिलावर तसं छापावं लागतं. सर्व्हिस चार्जचंही तेच. तो बिलात आपोआप लावायचा नाही अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला काढल्यात, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलूनही धरल्यात. गल्ल्यावर जाऊन हे सगळं शांतपणे सांगितलं. म्हणाला, प्रिंटर खराब आहे, नंबर उमटत नाही. मग मी म्हणलं, "नमगू कन्नड बर्तैतरी." आम्हालाही कानडी येतं हो.

त्याचा चेहरा बघायला 1298 दिले असते तरी चाललं असतं. पण दिले 1180. दोन्ही 59 काढले, पापडाचे मात्र काढले नाहीत, "खाल्लाय की तुम्ही" म्हणून. खरंय, ह्यांनी खाल्ला होता. पाण्यावर मी वाद घातला नाही. बाटलीवर 20 छापलेलं, लावले 40. पण बसवून वाढणाऱ्या हॉटेलाला एमआरपीच्या वर लावता येतं असं सुप्रीम कोर्टानं 2017 च्या डिसेंबरात सांगून ठेवलंय. त्यामुळं बाटली घरून भरून न्या. आणि भांडायला कानडी येत नसेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो फोनमध्ये ठेवा. नुसता नंबर दाखवला तरी प्रिंटर सुधारतो असं माझं मत.

या सगळ्यात दीड तास गेला. अथणीत पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि खानावळी बंद. हे लक्षात ठेवा: खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. दुपारी साडेबारा ते दोन जेवण, मग भांडी, मग कुलूप. दोननंतर गेलात तर 'ऊट मुगीतु', जेवण संपलं, एवढंच ऐकायला मिळेल.

संध्याकाळी गिरमिट खाल्लं. आपल्याकडं भडंग कोरडं असतं, तसं हे नाही. चुरमुऱ्यांना कांदा-टोमॅटोची चिंच-गूळ घातलेली फोडणी चोळतात, वर भाजक्या डाळीची पूड, सोबत मिरची भजी. चुरमुरे मऊ पडायच्या आत संपवायचं. दोन प्लेटी आणि भजी मिळून 90 रुपये. ह्यांनी तिसरी घेतली. मी मनातल्या मनात 1180 ला 90 नं भागत होते.

रविवारची सकाळ चांगली गेली. गच्चीन मठ बघितला, बाजारात फिरलो. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

जेवणाचं मात्र सांगते. सव्वाबाराला, स्टँडवरून बाजाराकडं जाताना एका बोळात, लिंगायत खानावळीत शिरलो. फलक फक्त कानडीत. फोटो नाही, झोपाळा नाही. चार टेबलं, भिंतीवर बसवण्णांची तसबीर, दारात हात धुवायला पिंप. बसल्या बसल्या ताट आलं, काय पाहिजे असं कुणी विचारलं नाही. दोन गरम भाकऱ्या आणि बाजूला कडक रोट्टीची चळत, हवी तेवढी मोडून घ्या. एण्णेगायी, मोड आलेल्या मुगाची पल्या म्हणजे भाजी, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, घट्ट दही, आणि कोवळी मेथी कच्चीच, कांद्याबरोबर. मेथी कच्ची खायची म्हणल्यावर हे बिचकले. चटणी-दह्यात बुडवून एक घास घेतला आणि मग माझ्या ताटातलीही उचलली. शेवटी भात आणि सारू, म्हणजे सार.

वाढणाऱ्या मावशी दर दोन मिनिटांनी यायच्या. पोट भरलं की 'साकु' म्हणायचं. ह्यांनी 'बस्स बस्स' म्हणलं, त्यांनी आणखी एक भाकरी टाकली. दोघांचे 180 रुपये. मी दोनदा विचारलं, एष्टु? 180. डोळ्यांत पाणी आलं, थोडं चटणीमुळं.

माझा ठोकताळा असा: फलकावर मराठी जितकी जास्त, तितका भाव चढा. चुकीचा असेल, पण या दोन दिवसांत एकदाही फसला नाही. कानडी वाचता येत नसेल तर दुपारी साडेबाराला कुठं सायकली आणि बाजार समितीकडची माणसं जास्त दिसतात ते बघा आणि त्यांच्या मागनं आत शिरा. भाषेची भीती बाळगू नका, तिथं निम्म्यांना मराठी येतं. अथणी काही परदेश नाही. पुढचं तेरदाळ तर आमच्या सांगली संस्थानातच होतं. राज्यांची हद्द 1956 ला आखली, जेवणाची कुणी आखली नाही.

जेवून लगेच निघायला हवं होतं. पण चपला बघायला गेले. अथणीत कोल्हापुरी चपला घरोघर बनतात, आणि 2019 ला त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. दोन जोड घेतले, घासाघीस केली, चहा झाला, सव्वापाच वाजले. जानेवारीचा महिना. कागवाडच्या अलीकडंच अंधार झाला.

आता नीट ऐका. ऊस गळिताच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च, हा रस्ता अंधारात टू-व्हीलरवर करू नका. उगारच्या कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असलंच तर एखादं फाटकं लाल फडकं. ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर, कानडी गाणं एवढ्या जोरात की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच येणार नाही. ओव्हरटेक करावं तर समोरून रिकामी ट्रॉली खडखडत येतेय. रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली, त्यावरनं चाक घसरतं. एकदा घसरलंच, पडलो नाही एवढंच. हे काही बोलले नाहीत, आणि हे बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते. एका ट्रॅक्टरच्या मागं पंचवीस मिनिटं चाललो, नाकात उसाचा वास आणि डिझेलचा धूर. सव्वाआठला मिरज दिसलं. 65 किलोमीटरला साडेतीन तास धरा, नाहीतर अथणी चारच्या आत सोडा. पावसाळ्यात जाणार असाल तर कृष्णेच्या पाण्याची बातमी बघूनच निघा. कुडची-उगारचा पूल पुरात पाण्याखाली जातो.

पुढच्या वेळी आम्ही एसटीनं जाणार, हे माझ्या कमरेनं ठरवलंय. बायकांना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण भरावं लागतं. आणि कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना फुकट असतं म्हणून आधार कार्ड पुढं करू नका. ती शक्ती योजना, 11 जून 2023 पासूनची, फक्त तिथल्या रहिवासी बायकांसाठी आहे. मी करून बघितलेलं आहे मागे एकदा. कंडक्टर हसला होता.

एक राहिलं. खानावळीतून मी वीस कडक रोट्ट्या बांधून घेतल्या होत्या. महिनाभर टिकतात, आजीच्या डब्यात तर त्याहून जास्त टिकायच्या. कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवल्या. घरी येऊन पिशवी उघडली तर नुसता चुरा. रात्री साडेनऊला तोच चुरा ताटलीत घेऊन वर ताक ओतलं, शेंगा चटणी घातली आणि दोघांनी एकाच ताटलीत खाल्लं. स्टीलचा मोठा डबा न्या, झाकण घट्ट बसणारा.