कोल्हापुरी नजर आणि समकालीन चित्रे

कोल्हापुरात चित्र पाहायला आलेला माणूस आधी चित्रकाराचा हात पाहतो. चित्रकार आबालाल रहिमान आणि चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटर यांची नावे अभिमानाने सांगणाऱ्या या गावात व्यक्तिचित्रातले साम्य, जलरंगाचा पारदर्शकपणा आणि ड्रॉइंगचा पक्केपणा यांवर अधिकाराने बोलणारी माणसे चहाच्या गाड्यावरही भेटतात. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात प्रदर्शन लागले की त्यांची चर्चा ऐकण्यासारखी असते. मात्र मांडणशिल्पाचा, म्हणजे वस्तू, आवाज वगैरे जागेत मांडून केलेल्या कलाकृतीचा (इन्स्टॉलेशनचा), विषय निघाला की हीच मंडळी काढता पाय घेतात. ही जुनी नजर समकालीन कलेच्या आड येते, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला मात्र त्याच नजरेने आत जाण्याची वाट सापडली.

ती वाट प्रभाकर पाचपुते यांच्या कोळशाच्या रेखाटनांपासून सुरू झाली. पाचपुते यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातला, आणि त्यांच्या घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. खाणकामगारांचे आयुष्य मांडताना त्यांनी कोळसाच हाती घेतला. कित्येकदा ते थेट भिंतीवर भव्य रेखाटने करतात आणि अशी रेखाटने प्रदर्शनानंतर टिकत नाहीत. त्यांच्या चित्रांतल्या माणसाच्या मानेवर डोक्याऐवजी कधी खाणीतला दिवा असतो, कधी एखादे अवजार. प्रतिमा चमत्कारिक आहे, पण शरीराचा तोल, खांद्यावरचे वजन आणि छायाप्रकाश इतके पक्के आहेत की चारकोलने व्यक्तिचित्रे घोटलेल्या आमच्याकडच्या विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटावे. वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार २०२१ साली अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला. त्या सहांत पाचपुते होते.

पाचपुते यांच्याकडून मी मागे, सुधीर पटवर्धन यांच्याकडे गेलो. पटवर्धन पुण्यात वैद्यकशास्त्र शिकले, चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही आणि ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करीत ते मुंबईतली कामकरी माणसे रंगवीत राहिले. त्यांच्या ‘लोअर परळ’ या २००१ सालच्या चित्रात गिरणगावाचे बदलणारे रूप आहे. ते पाहताना मला बाबूराव पेंटर आठवले. आपण त्यांना नाटकांचे रंगवलेले पडदे, व्यक्तिचित्रे आणि कॅमेरा यांसाठी स्मरतो. पण १९२५ साली ‘सावकारी पाश’ या चित्रपटात जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी त्यांनीच पडद्यावर आणला होता. म्हणजे हा विषय कोल्हापूरला परका नव्हता. असे असूनही कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहणारा कामगार आमच्या प्रदर्शनांत मला क्वचितच दिसतो. रंकाळा तलाव मात्र दर वेळी असतोच. (रंकाळ्यावर माझा राग नाही, पण त्यालाही थोडी विश्रांती मिळायला हरकत नाही.)

शिल्पा गुप्ता यांच्या कामापाशी हाताची कसोटी थांबते. त्यांच्या एका मांडणशिल्पात तुरुंगवास भोगलेल्या शंभर कवींच्या ओळी कागदांवर छापलेल्या आहेत, ते कागद धातूच्या सळ्यांमध्ये खुपसलेले आहेत आणि वर टांगलेल्या शंभर मायक्रोफोनांतून आवाज आत जाण्याऐवजी बाहेर येतो. मोबाइलच्या पडद्यावर पाहताना त्या दालनाचा आकार समजत नाही आणि आवाज कोणत्या बाजूने येतो आहे हेही कळत नाही, म्हणून त्याविषयीचे मत मी राखून ठेवले आहे.

पटवर्धन यांनी २००८–०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवले होते. तसा दौरा पुन्हा कोणी काढला, तर त्यात चित्रांबरोबर ध्वनी आणि व्हिडिओची कामेही असावीत, आणि शाहू स्मारकात ती मांडताना आमच्या जुन्या पोर्ट्रेटवाल्यांना पहिल्याच दिवशी आग्रहाने बोलवावे.