मिरग दिसत का नाही: वरळीच्या तारांगणातील एक दुपार

माझी आत्या राधानगरी तालुक्यात भातशेती करते आणि गेली पन्नास वर्षे तिने पेरणीचा प्रत्येक निर्णय नक्षत्रांवर घेतला आहे. भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या शून्य सावली दिवसासाठी मी मुंबईला निघालो तेव्हा तिने एवढेच विचारले, "तिथं नक्षत्रं दावत्यात व्हय?" मी हो म्हटले आणि दोन तिकिटे काढली.

महालक्ष्मी एक्सप्रेसचा रात्रभराचा प्रवास गर्दीचा आणि उकाड्याचा झाला. त्याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही.

वरळीचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. तेथे पूर्वी कार्ल झाइसचे प्रक्षेपक यंत्र होते आणि २००३ साली त्याच्या जागी संगणकीय प्रणाली आली. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात हौशी आकाशनिरीक्षकांपैकी काही तरुण स्वयंसेवक नळकांडी, खुंट्या आणि पांढरे कागद मांडून उभे होते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका येतो. मुंबईत हे १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस घडते, पण जुलैत ढग असतात, म्हणून खरा दिवस मेचाच. आमच्या कोल्हापुरात तो मेच्या पहिल्याच आठवड्यात होऊन जातो. साडेबाराच्या पुढे पाचेक मिनिटांनी खुंटीची सावली आखडत आखडत तिच्या बुडाशी नाहीशी झाली, तेव्हा आत्या स्वतःच्या पायांकडे बघत बराच वेळ हलली नाही.

दुपारच्या मराठी खेळात घुमटावर हिवाळ्याचे आकाश उमटले. पुढच्या रांगेतील काही जण मोबाइल उजळून चित्रफीत काढत होते, त्याचा मला मनापासून राग आला, कारण डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि एका पडद्याचा उजेड साऱ्या रांगेचे तारे पुसून टाकतो. निवेदनात मृग नक्षत्राचे नाव आले, पोटातल्या बाणाचे तीन तारे दाखवले गेले आणि आत्याने माझा हात दाबला. "ह्यो मिरग? ह्यो तर थंडीत दिसतोय. मिरग पावसाचा की रं."

मला उत्तर नीट देता आले नाही. मी लहानपणापासून तारे पाहतो आणि तिच्या मळ्यात मिरगाचे लाल मखमली किडेही वेचले आहेत, तरी या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या, याची मला त्या अंधारात फार खंत वाटली.

बाहेर आल्यावर आत्याने तोच प्रश्न एका स्वयंसेवक मुलीला विचारला. त्या मुलीने तो जितक्या गंभीरपणे घेतला, तितके अगत्य मला मोठमोठ्या पाहुणचारातही क्वचित अनुभवायला मिळाले आहे. तिने फरशीवर खडूने वर्तुळ काढले, मध्यभागी पाण्याची बाटली ठेवून तिला सूर्य केले आणि मृगाचे चित्र धरून एका मुलाला दूर भिंतीपाशी उभे केले. "आजी, तुम्ही पृथ्वी. आता बाटली आणि मृग एका रेषेत येईपर्यंत चालत या." आत्या पदर खोचून चालू लागली आणि बाटलीच्या बरोबर पल्याड मृग आला तिथे थांबली. "ही जूनची जागा. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणजे मृग सूर्यापलीकडे, भर दिवसाच्या उजेडात असतो. आता अर्धा फेरा पूर्ण करा." पलीकडच्या टोकाला बाटली आत्याच्या पाठीशी आली आणि मृग समोर. "हा डिसेंबर. इथे रात्रभर दिसतो."

आत्याने तिथूनच विचारले, "मग मिरगात मिरग दिसतच न्हाई, तर सूर्य तिथं हाय हे पयल्यांदा कुणी वळखलं?"

मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली की सूर्य मावळल्यावर पश्चिमेला रोज कोणते तारे उरतात, ते दिवसेंदिवस कसे खाली सरकतात, हे पाहूनच लोकांनी ते ओळखले असणार. सध्या सूर्य कृत्तिकेत आहे, पुढे रोहिणी, मग मृग, म्हणून आत्ताच्या दिवसांत संध्याकाळी मृग पश्चिमेला अगदी खाली दिसेल. "गावी गेल्यावर बघा आजी. मुंबईच्या उजेडात आम्हाला ते जमत नाही."

संध्याकाळी समुद्रावर जाण्याचा बेत होता, पण आत्याला परतायची घाई झाली होती.

पुढचे काही दिवस तिचा रोज रात्री फोन यायचा. बाणाचे तीन तारे डोंगराच्या किती वर आहेत ते ती वितीने मोजून सांगत असे: दीड वीत, एक वीत, चार बोटे. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री ती म्हणाली, "आज न्हाई दिसला. गेला सूर्याकडं. उद्या कोरड्या रानात भात पेरायला, धूळवाफेला सुरुवात करतो, तू बियाणं घिऊन ये."