उसाच्या ट्रॉलीपासून कॅरॅव्हॅनपर्यंत: आमची वाटचाल

आमचं शेड कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. बाबांचा धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन (चाकांवरचं फिरतं घर) पर्यटन धोरण आलं आणि आम्हा दोघा भावांच्या डोक्यात खूळ शिरलं, घरच्या गाडीमागे ओढता येईल असा दोघांपुरता हलका ट्रेलर करायचा.

पहिला झाला देखणा. फायबरच्या भिंती, आत उष्णता अडवणारा पीयू फोम, मागचं झाकण वर केलं की ओटा आणि ओट्याखाली पाण्याची ६० लिटरची टाकी. सगळं भरून ४८० किलो! याच आकड्यावर आम्ही खूश.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर मुक्कामाला निघालो. कराडच्या पुढे, ७० च्या वेगात, शेजारून एक स्लीपर बस गेली. बसची हवा ट्रेलरला आधी बाहेर रेटते, मग आत ओढते. आरशात बघतो तर आमचा ट्रेलर एकदा डावीकडून डोकावतोय, एकदा उजवीकडून. भावानं ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून स्टेअरिंग सरळ धरलं, म्हणून निभावलं.

पठारावरची रात्र निराळीच. वारा आडव्या भिंतीवर आदळला की ट्रेलर टायरांवर होडीसारखा डुलायचा. अंधारात उठून तोंड वाऱ्याकडे वळवलं, चारही कोपऱ्यांखाली दगड रचले, तेव्हा डोळा लागला. थंडी नको म्हणून सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवल्या होत्या. पहाटे गादी उचलली तर खालचा प्लाय ओलाचिंब, आमच्याच श्वासानं. आता छताला झरोका, गादीखाली फटीफटीच्या फळ्या आणि कोपऱ्यांना जॅक देतो.

रस्त्यावर शेपूट हलण्याचं कारण बाबांनी न बघताच सांगितलं, "वजन चाकामागं टाकलंय का रं?" ट्रॉली भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आम्हीच विसरलो होतो. घरातला वजनकाटा आणून ट्रेलर गाडीला जोडायच्या हुकाखाली ठेवला, भरला १९ किलो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे हवा. टाकी उचलून एक्सलच्या पुढे, पलंगाखाली नेली. काटा ५५ वर गेला. त्याच रस्त्यावर परत गेलो. बस जाताना धक्का बसतो अजूनही, पण शेपूट लगेच जागेवर येतं.

गिऱ्हाईक फ्रिजचं विचारतं, टीव्हीचं विचारतं. हुकावरचं वजन आजवर एकानंही विचारलेलं नाही. आम्ही मात्र ट्रेलर ताब्यात देताना सामान भरून काटा दाखवतोच. घरी त्यासाठी दुसरा काटा घ्यावा लागला, आईनं अजून ते सोडलेलं नाही.