ठेवतो गं आई

रात्रीचे साडेअकरा. उद्या सकाळचं लेक्चर आहे, तरी लिहीत बसलेय, कारण कालचं आईचं गप्प होणं डोक्यातून जात नाही.

झालं तसं काहीच नव्हतं. भाजी कसली होती, खोकला गेला का, रोजचंच बोलणं. मेसमधून हाक आली म्हणून मी म्हणाले, "ठेवतो गं आई, जेवून फोन करतो." पलीकडं शांत. मग हळूच, "बरं." आई कधी "बरं"वर फोन ठेवत नाही. तिचं "अगं, अजून एक" असतंच.

ताटावर बसल्यावर कळलं मी काय बोलले ते. ठेवतो. करतो.

इथल्या, कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. "आलो गं", "जेवलो की", "चल, जातो मी". पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, दारात कुणी मुलगाच उभा आहे. आणि माझं लातूरचं "काय करलालीस?" ऐकून त्या हसल्या होत्या. वाईट मनानं नाही, मला माहीत आहे. पण एकीनं ते दोनदा म्हणून दाखवायला लावलं. तिसऱ्यांदा मी "काय करतेस" म्हणाले. तेव्हापासून "करलालीस" फक्त फोनवर. तेही जिना उतरून, टाकीच्या मागं उभं राहून. स्वतःच्या आईशी चोरून बोलायचं!

ते मी आपण होऊन सोडलं. कधी सोडलं, कुणापुढं सोडलं, सगळं आठवतं. हे "ठेवतो" मात्र तोंडात कधी येऊन बसलं, मला पत्ताच नाही. तेच जास्त लागलंय. आईला वाटलं असेल, दोन महिन्यांत पोरगी परकी झाली. खरंच झाले का?

शिकायला पोरं लातूरला येतात. लातूर पॅटर्नसाठी कुठून कुठून येतात, आमच्या गल्लीत घरोघरी भाडेकरू म्हणून तीच आहेत. आणि मी तिथून उठून कोल्हापुरात. बाबा म्हणाले होते... जाऊ दे, ते आज नको.

दुपारी दसरा चौकात बसची वाट बघत होते. समोर शाहू महाराजांचा पुतळा. 1901 पासून महाराजांनी इथं एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, हे शाळेत पाठ केलं होतं. त्या पोरांचा विचार आज पहिल्यांदा आला. खेड्यातून आलेली, आईपासून लांब. सुट्टीत घरी गेल्यावर तीही असंच काही बोलून गेली असतील. चुलीपुढं बसलेल्या आईचा भाकरी थापता थापता हात थांबला असेल. मग तिनं पुढची भाकरी थापलीच असेल की.

आज सकाळी आईनंच फोन केला. कालचं काही काढलं नाही. मी मात्र एकेक शब्द तपासून बोलत होते. येते, जाते, करते. इतकं जपून, की शेवटी तिनं विचारलं, "बरं नाही का तुला? अशी का बोललालीस?" म्हटलं, काही नाही गं. मग दोन मिनिटांत काय काय तोंडातून निघालं असेल, मी लक्ष दिलं नाही. तिनं "अगं, अजून एक" तीनदा म्हटलं.

रूमपार्टनर कधीच झोपलीय. ती शिरोळची. रोज झोपण्याआधी मी बादली भरून वर ताट झाकून ठेवते, त्याला ती आधी हसायची. इथं नळ कधीही सोडा, पाणी येतं. पण 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा मी तिसरीत होते. घागर हातात घेऊन आईबरोबर टँकरच्या रांगेत उभी राहायचे. ती सवय जात नाही. हे सांगितल्यावर ती जरा वेळानं म्हणाली, "2019 ला आमच्या घरात छातीएवढं पाणी हुतं." पुढं दोघीही काही बोललो नाही.

आज या लिहिण्याच्या नादात बादलीचं विसरलेच. आत्ता उठून बघितलं, तर भरलेली आहे. वर ताट झाकलंय. माझं नाही, तिचं.