सुगंधी तेलं शिकताना, तिसरा महिना: ३० मिलीला ३ थेंब

मागच्या वेळी लिहिलं त्याला दीड महिना झाला, मध्ये गव्हाचं ओलित सुरू होतं आणि आमच्याकडे शेतीची लाईन बरेचदा रातचीच येते, त्यामुळे वावरातच मुक्काम. तिथंच चूक झाली. मच्छर फार होते म्हणून गवती चहाचं तेल बाटलीतून तसंच दोन्ही हाताला न् मानेला चोळलं. थोड्या वेळात कोपराच्या आतल्या बाजूला अशी आग सुटली की मोटरच्या पाण्याखाली हात धरून बसलो, तरी फरक नाही. पाण्यानं जाईल कसं, ते पाण्यात विरघळतच नाही. घरी येऊन आधी तिळाचं तेल लावून फडक्यानं पुसलं, मग साबणानं धुतलं, तेव्हा कुठं थंड वाटलं. लाल चट्टे चार दिवस होते.

माय म्हणे, "तर्री कशी रश्श्यावर तरंगते, तसंच हाय थे. बादलीत टाकू नोको बरं." बरोबर बोलली. मी थंडीत आंघोळीच्या बादलीत निलगिरीचे थेंब टाकत होतो, म्हणजे तेल वर तरंगून तसंच्या तसं कातडीला लागत होतं. ते बंद केलं.

आता मोजमाप. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल नावाचं वासाचं रसायन असतं आणि कातडीला तेच झोंबतं, सारखं सारखं लागलं तर कायमची ॲलर्जी बसू शकते. म्हणून अंगाला लावायच्या मिश्रणात मी अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही, ३० मिली तिळाच्या तेलात ०.१५ मिली, म्हणजे अंदाजे ३ थेंब. थेंब प्रत्येक बाटलीचा लहानमोठा पडतो, म्हणून मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणली आणि सुई काढून तिनंच मोजतो. एवढ्यानं मच्छर पळत नाहीत, त्याला फुल बाह्यांचा शर्टच पाहिजे. घरचं जवसाचं तेल आहे पण ते लवकर खवट होतं, म्हणून तीळच.

उन्हाळ्याआधी बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या, झाकणावर तारीख टाकली. संत्र्याच्या सालीचं तेल हवा लागून जुनं झालं की जास्त झोंबतं, आणि ५० अंशाच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून ते चुलीपासून लांबच. निलगिरीची बाटली मात्र कुलुपात. भाचीचं लेकरू दोन वर्षाचं आहे, एवढ्या लेकरानं चमचाभर पिलं तरी झटके येऊ शकतात. त्याच्या नाकाजवळ निलगिरी लावलेला रुमालसुद्धा धरू देत नाही.

सध्या रोशा, म्हणजे आपल्या तिखाडी गवताचं तेल. जुनी माणसं मेळघाटाकडं गवत कापून भट्टीवर हे तेल काढायची. त्यातल्या जिरॅनिऑल या घटकामुळे वास गुलाबासारखा, खरंच जीव रमतो. १ टक्का केलं, ३० मिलीला ६ थेंब, आणि काल संध्याकाळी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावलं. अजून खाज नाही, लाली नाही. उद्या संध्याकाळी ४८ तास होतील, तोवर मानेला लावत नाही.